चाकोरी

आमच्या वाडीपासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट माझ्या लहानपणी जेमतेम अर्ध्या मैलाची होती. पण पावसाळ्यात ती पार करणे हा एक प्रवासच असे. दोन्ही बाजूंना कुंपणे, मध्ये काळ्या मातीचा चिखल आणि त्या चिखलात बैलगाड्यांनी वर्षानुवर्षे कोरून ठेवलेल्या दोन खोल रेघा. त्या रेघा म्हणजे चाकोरी. 'चाकोरीबद्ध जीवन', 'चाकोरीबाहेरचा विचार' असे शब्दप्रयोग मी पुढे शिक्षक म्हणून फळ्यावर अनेकदा लिहिले. परंतु चाकोरी ही मुळात चाकाने केलेली खरीखुरी खाच असते, हे वर्गातल्या मुलांना सांगण्याची वेळ येईपर्यंत वसईतल्या बैलगाड्या जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या.

चाकोरीचा एक गुण असा की तिच्या तळाची माती आधीच्या चाकांनी दाबून घट्ट केलेली असते. तिथे चाक रुतत नाही. तिचा अवगुण असा की ती दरवर्षी खोल होत जाते, आणि एके दिवशी दोन रेघांमधला मातीचा उंचवटा गाडीच्या आसाला येऊन टेकतो. चाके मग नुसती लोंबकळतात आणि गाडी पोटावर बसते. कोणत्या दिवशी चाकोरीत राहायचे आणि कोणत्या दिवशी ती सोडायची, हे ज्याला कळते तो गाडीवान. माझ्या वडिलांना ते कळत असे. मला ते कळत नव्हते, हे १९६८ च्या पावसाळ्यात सिद्ध झाले.

मी त्या वेळी चौदा वर्षांचा होतो. वडील तापाने अंथरुणाला खिळले होते आणि केळीचे घड स्टेशनवर पोहोचवणे भाग होते. गाडी मीच नेतो म्हणालो. वाटेत चाकोरीत पाणी साचलेले दिसले, म्हणून मी कासरा ओढून बैल बाजूच्या, दिसायला कोरड्या जमिनीवर घातले. डावा बैल अडून राहिला. मी पराणी टोचली. दुसऱ्याच क्षणी एक चाक तुंब्यापर्यंत रुतले, गाडी कलंडली, आस मोडला आणि अर्धे घड चिखलात गेले. वडील तापातच उठून आले. त्यांनी आधी बैलाचा पाय चाचपून पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. "बैल अडला होता ना?" एवढेच त्यांनी विचारले. मी मान हलवली. त्यावर ते काहीही बोलले नाहीत. आठ दिवसांनी नवा आस बसला, तेव्हा कासरा त्यांनी पुन्हा माझ्याच हातात दिला.

ही आठवण मला चोपन्न वर्षांनी, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर, हिमालयातल्या एका खळाळत्या नाल्याच्या काठी आली. ती कशी आली, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचे चिरंजीव अभियंता. एका मोठ्या कंपनीत चांगल्या पगारावर होते. २०२० च्या अखेरीस त्यांनी ती नोकरी सोडली आणि एका मित्राच्या भागीदारीत शेतांवर सौरपंप बसवण्याचा धंदा सुरू केला. वर्षभरात कर्ज काढून महिंद्रा थार घेतली. मी आयुष्यभर पगारावर जगलेला माणूस. सुरक्षित नोकरी सोडणे हेच मला अविचाराचे वाटले होते. त्यावर ही डोंगर चढणारी गाडी म्हणजे निव्वळ चैन वाटली. मी तसे बोललो. बोलायला नको होते, तेही बोललो. पुतण्याच्या साखरपुड्यात, सगळ्या भावकीसमोर बोललो. चिरंजीवांनी उत्तर दिले नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात औषध, वीजबिल आणि हवामान एवढेच विषय उरले. सौभाग्यवती हयात असती तर तिने दोघांनाही एका संध्याकाळी जेवायला बसवून प्रकरण मिटवले असते. पण ती २०१९ मध्येच गेली होती.

अशी दीड-पावणेदोन वर्षे गेली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "डॅडी, मी स्पितीला जातोय. बरोबर येणाऱ्या मित्राला ऐनवेळी रजा मिळाली नाही. अशा रस्त्याला एकट्याने जाऊ नये म्हणतात. तुम्ही याल?"

मी अडुसष्ट वर्षांचा. आधी डॉक्टरांना विचारू, असे म्हणालो. 'नाही' म्हणालो नाही, याचे माझे मलाच आश्चर्य वाटले.

वाचकांपैकी ज्यांना मोटारींचे वेड नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. अशा वाटांवर जाणारे हौशी लोक पुष्कळदा गाडीत नाना बदल करून घेतात: मोठे टायर, उंच केलेल्या स्प्रिंगा, पुढे लोखंडी बंपर, दोर ओढणारे यंत्र. आपल्याकडे या हौशीला कायद्याची मर्यादा आहे. निर्मात्याने नोंदवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. आमची गाडी कारखान्यातून आली होती तशीच होती. तिचे पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर, म्हणजे साधारण एक वीत उंच. आणि ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून ती जाऊ शकते असे कंपनी सांगते. चारही चाकांना शक्ती देण्याची सोय, आणि तिच्याच जोडीला एक फार हळू पण फार जोरकस असा 'लो' गिअर. "एवढं पुरतं," चिरंजीव म्हणाले, "चालवणाऱ्याला आपली मर्यादा ठाऊक असेल तर." हे वाक्य त्याने मला उद्देशून म्हटले की स्वतःला, हे तेव्हा मला कळले नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मनालीला पोहोचलो. तिथे दोन रात्री मुक्काम केला. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास. पुढच्या विरळ हवेची शरीराला ओळख व्हावी म्हणून हा थांबा. तिसऱ्या दिवशी सकाळी अटल बोगद्यातून निघालो. ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झालेला हा बोगदा नऊ किलोमीटर लांब आहे. पूर्वी रोहतांगच्या खिंडीवरून जिथे काही तास मोडत, तिथे आता काही मिनिटे लागतात. बोगद्याच्या अलीकडे देवदारांची हिरवी दरी. पलीकडे लाहौलचे उघडेबोडके, तपकिरी डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी करड्या पाण्याची चंद्रा नदी. हीच नदी पुढे तांदीला भागा नदीला मिळते आणि चंद्रभागा होते. पंजाबच्या इतिहास-भूगोलातली चिनाब ती हीच. पंढरपूरच्या चंद्रभागेची ही थोरली नामबहीण मी प्रथमच पाहत होतो.

कोकसर मागे टाकून आम्ही ग्राम्फूला पोहोचलो. तिथे एक वाट रोहतांगकडे वळते आणि दुसरी चंद्रेच्या काठाने बातल, कुंझुम खिंड आणि काझाकडे जाते. या दुसऱ्या वाटेवर काही अंतरातच डांबर संपले. कागदोपत्री हा राष्ट्रीय महामार्ग. प्रत्यक्षात मात्र डोंगरातून घरंगळत आलेले धोंडे, त्यांवरून वाहणारे झरे आणि ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. ग्राम्फूपासून बातलपर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर. कुशल चालकाला असाध्य नाही, आणि निष्काळजी माणसाला क्षमाही नाही, अशा मधल्या प्रतीची ही वाट.

इथे आमचे चिरंजीव खाली उतरले. चारही चाकांतली हवा त्यांनी थोडी कमी केली. हवा कमी झाली की टायर दगडावर पसरतो, धरून राहतो आणि हादरेही शोषून घेतो; फार कमी केली तर मात्र अणकुचीदार दगड टायरची कूस फाडतो. मग लो गिअर टाकून ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वेगाने आमची वाटचाल सुरू झाली.

मी शेजारी बसून पाहू लागलो, आणि पाहता पाहता माझा एक मोठा गैरसमज दूर झाला. अशा वाटेवर गाडी जोरात दामटवतात, अशी माझी समजूत होती. जाहिरातींत तसेच दिसते. प्रत्यक्षात हे काम कमालीच्या संथपणाचे आहे. मोठा दगड समोर आला की तो दोन चाकांच्या मध्ये घ्यावा असे आपल्याला वाटते, तो म्हणाला, "नाही डॅडी, दगड चाकाखाली घ्यायचा. चाक वर चढलं की पोटही वर उचललं जातं. मध्ये घेतला तर तो पोटाला लागतो." उतारावर त्याने ब्रेकवर पाय दिला नाही, इंजिनालाच गाडी धरून ठेवू दिली. चाकोरी खोल दिसली की तो थांबे, मान बाहेर काढून पाही, आणि मग एक चाक मधल्या उंचवट्यावर व दुसरे काठावर ठेवून एक रेघ पोटाखाली घेऊन पुढे जाई. ट्रकांची चाके मोठी. त्यांच्या चाकोरीत आपले पोट टेकते.

मी न राहवून म्हणालो, "तुझे आजोबा अगदी असेच करीत."

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले. आजोबांविषयी मी त्याला फारसे काही सांगितले नव्हते, हे मला त्याच्या नजरेवरून उमगले.

एके ठिकाणी मागचे एक चाक अधांतरी झाले आणि जागच्या जागी गरगर फिरू लागले. मी घाबरलो. त्याने मला त्यामागचे तंत्र समजावून सांगितले. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर जावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची योजना आसात असते. तिला डिफरन्शिअल म्हणतात. सपाट रस्त्यावर ती उपकारक; पण एक चाक हवेत लटकले की तेच मोकळे फिरत राहते आणि जमिनीवरच्या चाकाला ओढ मिळत नाही. मला जोडीच्या बैलांची आठवण झाली. एक बैल जुवातून सुटून उधळला तर दुसरा कितीही गुणी असला तरी गाडी हलत नाही. अशा वेळी दोन्ही चाके एकत्र जखडून टाकणारी कळ या गाडीत होती. ती लागल्याचा खट्ट आवाज आला, आणि गाडी त्या खड्ड्यातून शांतपणे वर आली.

दुपारी अडीचच्या सुमारास छत्रूला चहा घेतला. हामटा खिंड उतरून आलेली काही गिर्यारोहक मुले तिथे बूट वाळवत बसली होती. पुढे तासाभरात आम्ही त्या नाल्याशी येऊन पोहोचलो.

रस्ता तिथे जणू वाहूनच गेला होता. वरच्या बर्फातून उतरलेले पाणी वीस-पंचवीस पावलांच्या रुंदीत पसरून धोंड्यांवरून आदळत खाली चंद्रेकडे चालले होते. पाणी दुधट करडे. तळ दिसत नव्हता. पलीकडच्या काठावर पुढे जाणारी वाट स्पष्ट दिसत होती. चिरंजीव काठी घेऊन काठाशी गेले, काही वेळ पाहत राहिले आणि परत येऊन म्हणाले, "आज नाही."

मी म्हणालो, "तुझ्या कंपनीने साडेसहाशे मिलिमीटर सांगितलंय ना?"

"ते थांबलेल्या पाण्याचं. हे वाहतंय. शिवाय खाली काय आहे ते दिसत नाही." मग त्याने मला समजावले: दिवसभर उन्हाने बर्फ वितळते आणि ते पाणी दुपारनंतर नाल्यात येते, रात्री गारठ्याने वितळणे मंदावते आणि पहाटे नाला सर्वांत कमी असतो. "उद्या सकाळी बघू. तो पांढरा दगड लक्षात ठेवा. आत्ता त्याच्यावरून पाणी जातंय."

मला वैताग आला. एवढी महागडी गाडी, एवढी कौतुके, आणि पंचवीस पावलांच्या पाण्यापुढे माघार! हे सारे माझ्या चेहऱ्यावर उमटले असणार. तरी त्याने वाद घातला नाही. गाडी वळवली आणि आम्ही छत्रूला परत आलो. रात्री जाड रजयांखाली पडल्या पडल्या माझ्या मनात आले: घाई मी करतो आहे, आणि सबुरी तो दाखवतो आहे. ज्याला मी भावकीसमोर अविचारी ठरवले होते, तो हाच मुलगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही पुन्हा नाल्यावर होतो. हाडे गोठवणारी थंडी. पांढरा दगड आता कमरेपर्यंत उघडा पडला होता. तेवढ्यात मागून हिमाचल पथ परिवहनची एक साधी बस आली. ना चार चाकांना शक्ती, ना कळ, ना लो गिअर. तिचा चालक खाली उतरला, विडी ओढत त्याने पाण्याकडे दोन मिनिटे पाहिले, बसमध्ये चढला आणि किंचित तिरक्या रेषेत, एका लयीत, कुठेही न थबकता पलीकडे गेला. मागच्या खिडकीतून एक म्हातारी आमच्याकडे पाहून हसली. आमचे चिरंजीवही हसले. म्हणाले, "बघितलंत? त्याची गाडीसुद्धा कारखान्यातून आली तशीच आहे."

बसची चाके मोठी, दोन चाकांतले अंतरही मोठे. तिचाच माग जसाच्या तसा धरणे आम्हाला शक्य नव्हते. अशा वेळी एकाने पलीकडे जाऊन, समोर उभे राहून हातांनी दिशा दाखवायची असते. चालकाला बॉनेटखालची चाके दिसत नाहीत, समोरच्याला दिसतात. हौशी लोक त्याला 'स्पॉटर' म्हणतात. ते काम साहजिकच माझ्याकडे आले. थोड्या वरच्या अंगाला धोंड्यांवरून धोंड्यांवर पाय टाकीत, काठी टेकीत मी पलीकडे गेलो आणि वळून उभा राहिलो.

गाडी पाण्यात उतरली. मी उजवा हात केला की ती उजवीकडे वळे, डावा केला की डावीकडे. माझ्या बोटाच्या इशाऱ्यावर माझा मुलगा चालतो आहे, ही जाणीव फार विलक्षण होती. शाळेत चाळीस वर्षे मी मुलांना दिशा दाखवली. पण माझ्या हाताच्या हालचालीवर कोणाचा जीव इतका प्रत्यक्ष अवलंबून असल्याचे मला कधी जाणवले नव्हते. अर्ध्या पाण्यात आल्यावर मला डावीकडे उथळ, गुळगुळीत पाणी दिसले. मी डावा हात केला. गाडी वळण्याआधी क्षणभर थबकली. मी आग्रहाने पुन्हा हात केला. गाडी वळली, आणि लगेच तिचे पुढचे डावे चाक खाली गेले. गाडी कलली. लोखंडावर दगड घासल्याचा आवाज खळखळाटातूनही मला स्पष्ट ऐकू आला.

गुळगुळीत पाणी उथळ नव्हते. ते खोल होते, म्हणून गुळगुळीत होते.

माझे हात खाली गळले. त्या एका क्षणात मला आमच्या वाडीची वाट दिसली, अडलेला डावा बैल दिसला आणि मोडलेला आस दिसला. चोपन्न वर्षांनंतर मी तीच चूक केली होती. कोरडे दिसते म्हणून तिथे जमीन घट्ट असेल असे मानले होते, आणि जो अडला होता त्याला टोचले होते.

गाडी पाण्यात उभी होती. इंजिन चालू होते. चिरंजीवांनी खिडकीतून डोके बाहेर काढले. आता तो ओरडेल, असे मला वाटले. ओरडला असता तरी ते न्याय्य झाले असते. पण तो मोठ्याने, शांतपणे एवढेच म्हणाला, "डॅडी, पुन्हा दाखवा. मी मागे घेतो, तुम्ही पुन्हा दाखवा."

मी डोळे पुसले. थंडीने पाणी येत होते असे म्हणू या. मग गुडघे वाकवून पाण्याच्या पातळीशी नजर नेली आणि या वेळी पाणी नीट वाचले. जिथे बारीक लाटा फुटत होत्या तिथे तळ जवळ होता. गाडी हातभर मागे आली. मी उजवीकडे बोट केले, मग सरळ, मग किंचित डावीकडे. एकेक वीत करीत ती पुढे सरकली आणि पाणी निथळत माझ्यासमोर काठावर येऊन उभी राहिली.

खाली वाकून पाहिले. पायरीखालच्या पत्र्याला पोचा आला होता. बाकी काही नाही. मी म्हणालो, "माझी चूक झाली." तो म्हणाला, "मलाही शंका आली होती. पण दोघांनी दोन दिशांना हाकली असती तर गाडी पाण्यातच राहिली असती." आणि थर्मासमधला चहा त्याने माझ्यापुढे केला.

वस्तुतः कथा इथे संपायला हवी होती. पण माणसाचा अहंकार पाण्याने इतक्या सहज धुतला जात नाही, याचा प्रत्यय मला पुढच्याच मुक्कामी आला.

नाल्यानंतर छोटा दडा लागला. पुढे समोरच्या कड्यांआड बडा शिग्री ही हिमाचलातल्या सर्वांत मोठ्या हिमनद्यांपैकी एक. साडेनऊला बातल. इथून पूल ओलांडला की एक वाट चंद्रतालकडे फुटते आणि दुसरी साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुमकडे चढते. चंद्रताल हे सव्वाचार हजार मीटरच्या वर असलेले, २००५ पासून रामसर यादीत समाविष्ट झालेले सरोवर. तेच आमचे त्या दिवसाचे लक्ष्य. जेमतेम चौदा किलोमीटर उरले होते.

माझे डोके छोट्या दड्यापासूनच दुखत होते. मी ते सांगितले नव्हते. पाण्यात केलेल्या चुकीनंतर आणखी एक उणेपणा कबूल करण्याची माझी तयारी नव्हती. ढाब्यात समोर आलेला राजमा-भात मला पाहवेना. उठताना बुटाची नाडी सुटलेली दिसली म्हणून वाकलो, आणि ती नाडी मला बांधता येईना. बोटांना गाठच आठवत नव्हती. वर पाहिले तर चिरंजीव समोर उभे होते.

"डोकं केव्हापासून दुखतंय?"

"थोडंसंच आहे. चौदा किलोमीटर तर उरलेत."

तो खाली बसला, त्याने माझी नाडी बांधली आणि म्हणाला, "डॅडी, आपण खाली चाललोय."

उंचीवर हवा विरळ होते. बातलसारख्या जवळजवळ चार हजार मीटरच्या जागी प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या मानाने सुमारे साठ टक्केच प्राणवायू मिळतो. शरीर हळूहळू जुळवून घेते. पण त्याला वेळ द्यावा लागतो. ज्याला त्रास होऊ लागला त्याने आणखी वर जाणे घातक. खाली उतरणे हेच खरे औषध. हे सारे मी वसईला डॉक्टरांकडून ऐकले होते, मान डोलावली होती, आणि ऐनवेळी विसरलो होतो. गाडीला तिच्या मर्यादेचे आकडे कंपनीने पुस्तकात छापून दिले होते. मी मात्र माझे आकडे लपवून बसलो होतो. आम्हीही शेवटी कारखान्यातून आलो तसेच. उलट अडुसष्ट वर्षांची झीज झालेले.

गाडी वळली. चंद्रतालच्या वाटेकडे मी एकदा पाहिले. पुलापलीकडे ती वाट स्वच्छ उन्हात वर गेली होती. त्या मुलाने ही सहल वर्षभर मनात धरली होती, हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, "तुझं सगळं वाया गेलं." तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "सरोवर कुठे जात नाही."

नाल्याशी पोहोचलो तेव्हा एक वाजत आला होता. पाणी चढू लागले होते. पांढऱ्या दगडाचे डोके तेवढे वर होते. तो म्हणाला, "दिसतंय तोवर जायचं." मी उतरायला निघालो, तर त्याने मला खाली बसवले. "सकाळी दाखवलेली वाट माझ्या लक्षात आहे." आणि सकाळी मी दुसऱ्यांदा दाखवलेल्या त्याच रेषेने, उलट दिशेने, कुठेही न घासता त्याने गाडी पार केली.

संध्याकाळी बोगदा ओलांडून मनालीला उतरलो. डोके हलके झाले, भूक लागली. त्या रात्री जेवताना मी त्याला १९६८ सालची हकीकत सांगितली: केळीचे घड, अडलेला बैल, मोडलेला आस. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आजोबांनी काय केलं?"

"कासरा पुन्हा माझ्याच हातात दिला."

तो काही बोलला नाही. मीही थोडा वेळ थांबलो. मग त्या साखरपुड्याच्या दिवशी मी जे बोललो होतो, त्याबद्दल जे म्हणायला हवे होते ते म्हणालो. ते इथे लिहिण्याची आवश्यकता नाही.

वसईला परतल्यावर काही दिवसांनी मी त्याच्याबरोबर मोखाड्याकडच्या एका पाड्यावर गेलो. डांबरी रस्त्यापासून पाडा चार किलोमीटर आत. वाट लाल मातीची, ओढ्यातून जाणारी. गाडीच्या मागच्या भागात सौरपंपाच्या पेट्या होत्या. जी गाडी मी चैन समजलो होतो ती कशासाठी घेतली आहे, हे पाहायला मला दीड वर्ष आणि हिमालयापर्यंतचा हेलपाटा लागला. पंप सुरू झाला, पाण्याची धार पाटात पडली, आणि एका आजीने त्या पाण्यात हात धरून तो स्वतःच्या डोळ्यांना लावला.

आमच्या वाडीची वाट आता सिमेंटची आहे. तिच्यावर चाकोरी उमटत नाही. पावसात ती स्वच्छ धुऊन निघते आणि कोणाचे चाक कोठून गेले याचा मागमूस राहत नाही. अंगणात थार उभी असते. पायरीखालचा तो पोचा चिरंजीवांनी अद्याप काढून घेतलेला नाही. मी एकदा सुचवले, तर "राहू द्या" म्हणाले.

परवा जेवताना त्याने विचारले, "डॅडी, यंदा चंद्रतालला जायचं? या वेळी चार दिवस जास्त घेऊ. हळूहळू चढू."

मी म्हणालो, "जाऊ. नाल्यावर पहाटे पोहोचू."